टोपी बसेपर्यंत

‘शिकणं’ म्हणजे नेमकं काय, या एका शब्दावरून त्या तिघांचं तिसऱ्या वर्षीही जमत नव्हतं. त्या दिवशीची बैठकही नेहमीप्रमाणे त्याच खड्ड्यात जाऊन रुतली.

तिघं म्हणजे भाषाशास्त्राच्या बाई, मेंदूचे डॉक्टर आणि आकडेमोड सांभाळणारा एक तरुण. या तरुणाला सगळं विद्यापीठ ‘सरासरी’ म्हणायचं आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. कामासाठी, लग्नासाठी दुसऱ्या मुलखातून आलेली माणसं मोठेपणी इथली भाषा कशी शिकतात, हे तिघांनी मिळून शोधायचं होतं. अनुदानासाठी अर्ज करताना ‘तीन शास्त्रं एका छपराखाली’ असं मोठ्या दिमाखात लिहिलं होतं. छप्पर एकच होतं, हे खरं. पण बाई तिसऱ्या मजल्यावर बसत, डॉक्टर तळघरात, आणि सरासरी जिथे लॅपटॉपचा प्लग लागेल तिथे.

बाईंचा विषय होता शब्दांचं लिंग. दार ते, खिडकी ती, उंबरठा तो. या भाषेत जन्मलेल्या माणसाला हे कुणी शिकवत नाही, पण मोठेपणी येणाऱ्याच्या मात्र नाकी नऊ येतात. बाई एकेकाला समोर बसवत, चित्रं दाखवत, बोलतं करत आणि ते सगळं रेकॉर्ड करून नंतर वाक्य न् वाक्य तपासत. ‘खिडकी उघडला.’ ‘दार पडली.’ वर्षं उलटली तरी लोक तेच बोलत होते, आणि तेही तुटक, जेवढ्यास तेवढं. बाईंच्या मते ही माणसं भाषा शिकलेली नव्हती.

डॉक्टरांकडे टोपी होती. भोकाभोकांची, तारा लोंबणारी. ती डोक्यावर चढवायची, कानात वाक्यं ऐकवायची आणि मेंदूतल्या विजेची रेघ पडद्यावर बघायची. ‘खिडकी उघडला’ ऐकलं की रेघ दचकायची. अगदी ‘खिडकी उघडला’ म्हणणाऱ्याचीसुद्धा. डॉक्टर संशोधनाच्या नावाखाली लोकांना टोपी घालतात, हा कॅन्टीनमधला विनोद एव्हाना शिळा झाला होता.

“त्यांना चूक कळते, बाई,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे शिकलेत. मेंदू खोटं बोलत नाही.”

“मेंदू काहीच बोलत नाही, डॉक्टर. बोलण्याचं खातं माझं आहे.”

“तुमचे दोघांचे आकडे,” सरासरी पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. रस्त्यात भेटले तर नमस्कार करणार नाहीत.”

बाईंनी कपाळ दाबलं. भाषेचं डॉक्टरांना समजेल अशा शब्दांत सांगायचं, मेंदूचं सरासरीला, आणि सरासरीचं परत दोघांनी समजून घ्यायचं, यातच त्यांचा निम्मा जीव खर्ची पडत होता. निवृत्ती तोंडावर आली होती. अहवालाची तारीख त्याहून जवळ होती. आणि त्यात काय लिहायचं याचा पत्ता नव्हता.

घरी गेल्या तर तिथे शांतता. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षाचे बरेचसे महिने पाण्यावर. घरात नवरा, त्या स्वतः आणि सून. सून दूरच्या देशातली. मुलाने बंदरात ओळख काढली आणि लग्न करून आणली. चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची, वेळेवर यायची, भाजी चिरायची. “हो आई.” “चालेल आई.” “झालं आई.” याच्यापलीकडे तिचं बोलणं जात नसे.

“पोरगी गुणाची आहे,” नवरा म्हणायचा, “पण शब्द सोन्याचे असल्यासारखी जपून वापरते.”

“स्वभाव असतो एकेकाचा,” बाई म्हणायच्या. आपण तिला कधी टोकत नाही, तिची चूक कधी काढत नाही, याचं त्यांना मनातून समाधान होतं. दिवसभर लोकांच्या चुका मोजणाऱ्या बाईने घरी तरी ते करू नये, असं त्यांनी लग्नाच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

पावसाळा संपता संपता बरीच माणसं गळाली. कुणाची बदली झाली, कुणाला मूल झालं, कुणी नुसतंच यायचं बंद केलं. डॉक्टरांनी दुकानांतून, दवाखान्यांतून नव्याने जाहिराती लावल्या. नव्या लोकांची पहिली फेरी सुरू झाली तेव्हा एका दुपारी बाई वाक्यांची सुधारलेली यादी द्यायला तळघरात उतरल्या. डॉक्टर जागेवर नव्हते. यंत्रांच्या खोलीत पंखे घुरघुरत होते आणि काचेपलीकडे, पाठमोऱ्या खुर्चीत, कुणीतरी बसलेलं होतं. टोपीवाली कामाला लागली होती.

टोपीवाली म्हणजे डॉक्टरांची तंत्रज्ञ. टोपीच्या एकेका भोकात बोथट सुईने थंड जेल भरायची, केस बाजूला सारायचे, रेघ स्वच्छ आली का बघायचं आणि पुढच्या भोकाकडे वळायचं. हे काम फार रेंगाळतं. टोपी नीट बसेपर्यंत माणूस कंटाळून जाऊ नये म्हणून ती अखंड बडबड करायची. आतला आवाज यंत्रांच्या खोलीतल्या स्पीकरवर यायचा, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. चाचणी तर त्यानंतर सुरू व्हायची.

बाईंनी यादी टेबलावर ठेवली आणि पाय दुखत होते म्हणून क्षणभर टेकल्या.

“घरी कोण कोण असतं?” टोपीवालीचा आवाज आला.

“मी, माझा सासू, माझा सासरे. नवरा बोटीवर. येते... येतो मधे मधे.”

आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला, पण ओळख पटेना. इतकं सलग बोलताना बाईंनी तो कधी ऐकलाच नव्हता.

“सासू कशी आहे? खरं सांगा हं, इथे कोण ऐकतंय.”

आतली मुलगी हसली. मोकळं, घशातून. “चांगला आहे. खरंच. ओरडत नाही, टोमणा देत नाही. माझी चूक कधी सांगत नाही. पण मी चूक बोलली ना, की तिचा भुवई हलतो. हा इथला.”

“भुवई?”

“एवढासा. तिला पण माहीत नाही. पहिले मी घरी गोष्टी सांगायची. दुकानात एक आजोबा आली... आले. डोक्यावर चष्मा, आणि म्हणतो माझा चष्मा हरवली, नवीन दे. मी म्हटलं आजोबा, तुम्हाला चष्म्याची दुकान नको, आरसाची दुकान पाहिजे!”

टोपीवाली खदखदून हसली. “हलू नका, हलू नका, जेल सांडेल.”

“घरी पण सगळे हसले. सासू पण. पण गोष्ट चालू होता आणि भुवई पण चालू होता. वर, खाली. वर, खाली. मला मग शेवटच आठवेना. मी भुवईकडेच बघत राहिले. तेव्हापासून मी ‘हो आई, चालेल आई’. त्यात कुठे चूक होणार?”

“आणि मग इथे कशाला आलात हे डोक्यावर लावून घ्यायला?”

“मला बघायचंय, आत भाषा आहे की नाही. मशीनला भुवई नाही.”

बाईंचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला होता. त्यांनी तो खाली घेतला. पुढचं ऐकणं बरोबर नाही, हे त्यांना लख्ख कळलं. पुढचं ऐकावंसं वाटतंय, हेही तितकंच लख्ख कळलं. उठून त्यांनी स्पीकरचं बटण शून्यावर नेलं आणि काचेकडे न बघता जिना चढून वर आल्या. वर आल्यावर लक्षात आलं की चष्मा खालीच राहिलाय. तो आणायला गेल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना गाठलं.

“आज जी मुलगी आली होती ती माझी सून आहे. नात्यातलं माणूस चालत नाही. तिचे आकडे काढून टाका.”

“सून?” डॉक्टर उडालेच. “अहो, आडनाव वेगळं!”

“तिने बदललं नाही. माझं काम इथे चालतं, हेही तिला बहुतेक ठाऊक नाही. मी भाषेचं काहीतरी करते एवढंच माहीत.” बाई थांबल्या. “आणि आणखी एक. माझ्या मुलाखतींवर मला आता भरवसा वाटत नाही.”

त्यांनी सांगितलं. सुनेचं घराबद्दलचं बोलणं त्यांनी चार वाक्यांत आटोपलं, पण भुवई मात्र लपवली नाही. तीन वर्षं त्या लोकांच्या समोर, हाताच्या अंतरावर बसून होत्या. लोक चित्राकडे बघायचे आणि मग बाईंच्या चेहऱ्याकडे. बाईंना वाटायचं, शब्द शोधतायत.

डॉक्टर आता विजयी मुद्रा करतील, याची बाईंनी तयारी ठेवली होती. पण डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, “गंमत बघा. चूक ऐकली की दचकणारी रेघ मी तारा लावून शोधतो. तुमची चेहऱ्यावरच येते. तुम्हाला टोपीची गरजच नाही.”

बाई हसल्या. हसताना त्यांना फार थकल्यासारखं झालं.

सरासरीने दुसऱ्या दिवशी एक जुनी गोष्ट उकरून काढली. मधे बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा काही मुलाखती त्याने स्वतः घेतल्या होत्या. त्याला ना भाषेतलं कळत होतं, ना लोकांच्या चेहऱ्यातलं. प्रश्न विचारून तो खाली मान घालून खुशाल लॅपटॉप बडवत बसायचा. त्या मुलाखतींमधली वाक्यं लांब होती. चुका जास्त होत्या, पण बरोबर आलेलंही जास्त होतं.

“म्हणजे सिद्ध झालं,” बाई म्हणाल्या.

“कसलं सिद्ध? मूठभर माणसं आहेत. यावरून काहीही म्हणता येणार नाही.” त्याने डोळे चोळले. “तुमचं चुकलं असंही म्हणता येणार नाही, बाई. सॉरी.”

त्याने हे सांत्वन म्हणून सांगितलं की तक्रार म्हणून, ते बाईंना कळलं नाही. त्यांनी सुचवलं, टोपी बसवताना लोक जे बोलतात ते रेकॉर्ड करू. त्यावर डॉक्टर वैतागले. जबडा हलला की स्नायूंची वीज रेघेत मिसळते, जेल सुकतं, वेळ जातो. शिवाय न सांगता रेकॉर्ड करता येत नाही, आणि सांगितलं की लोक पुन्हा आवळून बसणार. दोन तास घासाघीस झाली. शेवटी डॉक्टर अर्धे नमले: जेल भरत असेपर्यंत बोला, नंतर तोंड बंद. लोकांना सांगून, परवानगी घेऊन. आणि बाईंनी खाली यायचं नाही.

“मला काही हौस नाहीये,” बाई म्हणाल्या.

हे सगळं ऑफिसातलं. घरी सांगणं बाकी होतं, आणि ते बाईंनी आठवडाभर टाळलं. आज मुलाचा फोन आला, उद्या नवऱ्याला खोकला झाला. शेवटी एका सकाळी सून डबा भरत असताना त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

“तू त्या टोपीच्या तपासणीला गेली होतीस ना, तिथे वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. त्या दिवशी मी खाली आले होते. तू आत बोलत होतीस. मला ऐकू आलं.”

सुनेच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. “काय ऐकलं?”

“चष्म्याचं. आणि भुवईचं. मग मी बंद केलं.”

सुनेचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. बाईंना वाटलं, लाजली. पण ती लाजली नव्हती.

“ते तुम्हाला नव्हतं,” ती म्हणाली. “ते माझं होतं.” तिने डबा घेतला आणि निघून गेली. झाकण ओट्यावरच राहिलं.

पुढचे कितीतरी दिवस ‘हो आई’सुद्धा बंद झालं. नवऱ्याने विचारलं, काय बिनसलंय, तर बाईंनी सांगून टाकलं. त्याने पेपर खाली ठेवला. “हलते खरी,” तो म्हणाला. “माझ्या आईच्या बोलीवर पण हलायची. लग्नानंतर वर्षभर ती तुझ्याशी धड बोलली नव्हती, आठवतंय?”

“मला वाटलं तिला मी आवडत नव्हते.”

“ते पण होतंच,” नवरा म्हणाला आणि पेपर परत वर घेतला.

बाईंना काय करावं ते सुचेना. माफी मागितली तर ती परत मान डोलावणार. मग त्यांनी एवढंच केलं, डॉक्टरांना विनंती केली: सुनेचे आकडे अभ्यासात नाहीत, पण तिला तिची रेघ बघायची होती. दाखवा. मी येणार नाही.

डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं आणि बराच वेळ बसून समजावलं. त्यांना तशी हौसच होती. तिची रेघ दचकत होती. इथे जन्मलेल्यांइतकी उंच नाही, थोडी उशिराने, पण दचकत होती. त्या संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या आणि दिवाणखान्यात पसरलेल्या बाईंच्या समोर उभी राहिली.

“आत आहे,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणाली. म्हणाले.”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. एवढंच. ती आत कपडे बदलायला गेली. पण त्या रात्री जेवताना तिने सासऱ्यांना विचारलं की तुमचा खोकला गेली का, आणि सासरे म्हणाले, गेली एकदाची.

अहवाल कसाबसा पुरा झाला. टोपीखाली काहींनी मोकळेपणाने गप्पा मारल्या. काही जण माईक बघून मिटले. एका गृहस्थाने तर सरळ सांगितलं की माझं डोकं घ्या, तोंड नको. जे हाती आलं त्यावरून एवढंच दिसत होतं की बाईंचे आणि डॉक्टरांचे आकडे आता रस्त्यात भेटले तर निदान मान हलवतील. सरासरीने तेही वाक्य कापलं. बाईंच्या मुलाखतींचं प्रकरण आखडून छोटं झालं, आणि त्या मुलाखती कुणी, कशा घेतल्या त्याच्यामुळे त्या कमकुवत ठरतात, हे बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. ते लिहिताना त्यांना वाटलं होतं तेवढं दुःख झालं नाही. नुसता कंटाळा आला. ‘शिकणं’ या शब्दावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही, म्हणून तिघांनी मिळून तो शब्दच अहवालातून काढून टाकला. पाठवल्यावर डॉक्टर म्हणाले, पुढच्या प्रकल्पाचं बोलू या. बाई म्हणाल्या, मला आधी झोपू द्या.

त्यांनी रजा घेतली आणि खरंच झोपल्या. सकाळी झोपल्या, दुपारी झोपल्या. तिसऱ्या की चौथ्या दुपारी धडाधड आवाजाने त्यांना जाग आली. बाहेर येऊन बघतात तर सुनेने दिवाणखान्यातलं मोठं कपाट भिंतीपासून ओढून मधोमध आणलं होतं आणि घामाघूम होऊन त्याला रेटत होती.

“हे काय चाललंय?”

“कपाट खिडकीपासून दूर नेते. उजेड अडवतो.”

“ते तिथे वीस वर्षं आहे!”

“म्हणून घरात वीस वर्ष अंधार आहे!”

“अगं, पण विचारायचंस तरी मला.”

“विचारलं! दोनदा विचारली! तुम्ही म्हणाल्या ‘बघू’. ‘बघू’ म्हणजे नाही, मला माहिती आहे आता. स्पष्ट नाही म्हणायचं ना मग!”

“घर माझं आहे, मी बघू म्हणेन नाहीतर आणखी काही म्हणेन—”

“माझं पण आहे! मी पण इथे राहते, मला पण दिसायला पाहिजे! तुम्ही दिवसभर ऑफिस, बाबा पेपरात तोंड घालून, मी त्या अंधारात भाजी निवडते, आणि अळी दिसला नाही की मीच वाईट!”

“अळीचं मी कधी म्हटलं?”

“परवा! पालकात!”

“ते मी बाबांना म्हटलं!”

“निवडली मी होती!”

बाईंचं डोकं तापलं. त्यांचा आवाज चढला, मग सुनेचाही चढला, आणि पालक, कपाट, न पुसलेला गॅस, जहाजावरून मुलगा आधी कुणाला फोन करतो, असं एकातून एक निघत गेलं. बाईंना उत्तरं सुचेनाशी झाली. झोपेतून उठलेल्या, तोंडही धुतलेलं नाही, आणि समोरची थांबायलाच तयार नव्हती. शेवटी त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “कर बाई, काय करायचं ते कर. मला चहा दे आधी.”

“कपाट झाल्यावर,” सून म्हणाली.

मग बाईच उठल्या आणि कपाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लागल्या. दोघींनी ते घसटत, फरशीवर ओरखडे काढत समोरच्या भिंतीला नेलं. तिथेही ते नीट बसलं नाही. एक पाय उचललेला राहिला आणि सुनेने त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली.

नवरा संध्याकाळी फिरून आला. त्याने दारातच थबकून खोली पाहिली, मग दोघींकडे पाहिलं.

“खालच्या मजल्यावरचे विचारत होते, तुमच्याकडे काय झालं म्हणून,” तो म्हणाला. “रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं म्हणे.”

“मग तुम्ही काय सांगितलं?” सुनेने विचारलं.

“म्हटलं, सासू-सुनेचं भांडण आहे.” त्याने चपला काढल्या. “त्यांना पटलं.”